एक ते चार

पाषाणला आमच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
सदतीस अंशांची कपाटभर ऊब आहे.
तिथे मी पेशी सांभाळते. बावीस वर्षं झाली.
त्यांना रविवारीही भूक लागते, म्हणून रविवारीही येते.
घरचे म्हणतात, पोटच्या पोरांना एवढं वेळेवर दिलं नाहीस.
खरं आहे.

शहाण्णव खळग्यांची ताटली.
खळग्यात गुलाबी पाणी, पाण्यात दोन हजार जणी,
सगळ्या एकीच्याच लेकी, नाती, पणत्या.
अनुजा तोडकर औषध सोडते,
सगळ्यांना तेच, तेवढंच, त्याच घटकेला.
तिचा हात माझ्याहून स्थिर. चहा मात्र सांडते.

बहात्तर तासांनी मोजणं माझ्याकडे.
निळा रंग घालायचा.
मेलेली पेशी रंगाला आत येऊ देते,
जिवंत असते ती दारातूनच परत पाठवते.
अंगठ्याखाली टकटक आकडा सरकतो:
निळी, निळी, निळी, निळी,
निळी,
आणि कडेला एक
काचेसारखी, गोल,
जणू तिला कोणी काही कळवलंच नाही.

नवी होते तेव्हा वाटायचं, माझीच चूक.
थेंब नीट मिसळला नसेल.
पिपेट बदलली, पाणी बदललं,
एकदा संकष्टीसुद्धा धरली.
तरी उरायच्याच. हजारात तीन, हजारात पाच.
त्यांना वेगळं वाढवून पुन्हा तेच औषध दिलं
तर त्यांच्या लेकी पटापट मेल्या, चारचौघींसारख्या.
म्हणजे रक्तात काही खास नव्हतं.
मग त्या दिवशीच काय होतं?

अनुजा म्हणाली, ताई, त्या निजलेल्या असतात.
हे औषध दुभंगणाऱ्या पेशीला धरतं.
जी कामालाच लागली नाही, तिला काय धरणार?
मी म्हटलं, हां. म्हणजे एक ते चार.
शटर खाली, आत पंखा, मालक आडवा.
वाजवा किती वाजवायचं ते.
दुकान बंद आहे, बुडालेलं नाही.
तिने ते फळ्यावर लिहून ठेवलं.
साहेबांनी पुसलं.

आलेखावर एकच रेघ जाते,
चतुःशृंगीच्या पायऱ्यांसारखी वरून खाली.
छापायला बरी दिसते.

गुरुवारी फाटकावरून फोन आला. सासवडचे कोणी खिलारे.
नमुन्यावर नाव नसतं, आकडा असतो.
पण एका नळीवर बॉलपेनची पुसट अक्षरं राहून गेली होती
आणि मी ती वाचली होती.
वाचायला नको होती.

प्लास्टिकच्या पिशवीत फाइल, पिशवीला दोन गाठी.
"आमच्या मंडळींचा तुकडा तुमच्याकडे दिलाय म्हणे.
औषध लागू पडतंय का?
शेजारच्या खाटेवरच्या बाईंना हेच चालू होतं,
त्यांना गुण आला."

मला सांगायचा अधिकार नाही.
असता तरी काय सांगणार होते,
की हजारात नऊशे पंच्याण्णव जणींना पडतंय, दादा,
आणि पाच जणी दुपारच्या झोपेत आहेत?
म्हटलं, ते डॉक्टर सांगतील.
त्यांनी मान हलवली,
प्रत्येक खिडकीवर हेच ऐकून आलेल्या माणसासारखी.
मग विचारलं, सासवडची गाडी कुठून मिळेल.
आधी हडपसर गाठा, मी म्हटलं.
एवढं एकच नेमकं उत्तर माझ्याजवळ होतं.

वर आले. हातमोजे घातले.
औषध धुऊन टाकल्याला आज नववा दिवस.
ड ओळ, सातवा खळगा.
काल अकरा होत्या.
भिंगाखाली त्यातली एक फुगली होती,
मधोमध आवळत चालली होती,
अर्धं शटर वर गेल्यासारखी.

घड्याळात पावणेचारच झाले होते.
वहीत अकरा लिहू की बारा,
पेन्सिल हातात धरून बसले.